काचेच्या पेटीतला समुद्र

भांडगाव हे दौंड तालुक्यातील, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. येथून समुद्र पाहावयाचा म्हणजे सह्याद्रीचा घाट उतरून कोकणात जावे लागते. अशा गावातील एखाद्या घरी दोनशे लिटरांच्या काचेच्या पेटीत समुद्रातील रंगीत मासे पाळावयाचे झाले, तर काय काय करावे लागेल?

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, ते समुद्राच्या काठीच. भांडगावकराला मात्र समुद्र स्वतःच तयार करावा लागतो. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरांत सात किलो क्षार विरघळवावे लागतात. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही; कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादींचे क्षार समुद्रात असतात त्याच प्रमाणात मिसळलेले खास मीठ घ्यावे लागते. विहिरीचे पाणीही सरळ ओतता येत नाही. उसाला घातलेल्या खतातील नायट्रेट झिरपून विहिरीत उतरलेले असले, तर पेटीत शेवाळ माजते. म्हणून पाणी आधी आर. ओ. यंत्रातून काढून घेतात.

पाणी झाले, मीठ विरघळले, सारे स्फटिकासारखे स्वच्छ दिसू लागले. आता मासे सोडावेत काय? मुळीच नाही! आजवर अनेक हौशी माणसांचे मासे याच घाईने मेले आहेत. मासा श्वासावाटे व विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. आरशासारख्या नितळ पाण्यातही मासा तडफडू लागतो. समुद्र अफाट असल्यामुळे तेथे हे विष विरून जाते. पेटीत ते जाणार कोठे?

याचे उत्तर रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांच्या संशोधनात सापडते. १८९० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, काही सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जीवाणू सच्छिद्र दगडांवर व वाळूवर वस्ती करतात. ती वस्ती पुरेशी वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत अमोनियाचा थोडा थोडा पुरवठा करीत पाण्याची परीक्षा घेत राहावयाचे. घातलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की पहिला मासा सोडावा. म्हणजे पेटीचे खरे गाळण यंत्राच्या डब्यात नसते, ते दगडांवर जिवंत असते. हे न जाणणारा माणूस एखाद्या दिवशी ते दगड व गाळणीतील स्पंज क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याखाली भांड्यांसारखे घासून लख्ख करतो, आणि दोन दिवसांनी मासे पाण्यावर तरंगू लागतात. स्पंज धुवावाच, पण पेटीतूनच काढलेल्या पाण्यात.

मग यंत्र कोणते निवडावे? त्यासाठी दौंड तालुक्यातील गुऱ्हाळ आठवा. काहिलीतील रस तापू लागला की मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. समुद्रपेटीसाठीचे फेसयंत्र काहीसे असेच काम करते, मात्र विस्तवावाचून. उंच नळीत हवेचे बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातील सेंद्रिय मळ त्यांना चिकटतो, फेसाबरोबर वर चढतो व वरच्या वाटीत साचतो. मळ कुजून त्याचा अमोनिया होण्यापूर्वीच तो बाहेर पडतो, हा मोठा लाभ. साध्या गाळणीत मळ अडकतो खरा, पण ती वेळेवर धुतली नाही तर तो तेथेच कुजत राहतो. म्हणून खर्च एकाच यंत्रावर करावयाचा असेल, तर तो फेसयंत्रावर करावा, असे मला वाटते.

जाकार्ताचे ली चिन एंग यांनी तर १९६१ साली लिहिले की, समुद्रातील सजीव दगड व हवेचे बुडबुडे एवढ्यांवरच आपण घरी प्रवाळ जगवितो. आपल्याकडे मात्र समुद्रातील दगडी प्रवाळ काढणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा कोरडे सच्छिद्र दगड घ्यावेत व मासेही केंद्रांत पैदास केलेले, उदाहरणार्थ विदूषक मासे, आणावेत.

पेटीतील पाणी २४ ते २६ अंशांपर्यंत ठेवावे. वैशाखात ते राखणे कठीण जाते. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडून जाते, मीठ मात्र मागे उरते; मिठागरात होते तेच येथे होते. म्हणून उडालेल्या पाण्याची तूट गोड्या शुद्ध पाण्यानेच भरावी. दर आठवड्याला वीस लिटर जुने पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी घालावे, म्हणजे साठलेले नायट्रेटही कमी होते.

आणि रात्री वीज गेली तर? पाणी स्थिर होताच प्राणवायू कमी पडू लागतो, आणि माशांइतकाच तो जीवाणूंनाही हवा असतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ नसेल, तर तांब्याने पेटीतीलच पाणी उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतीत बसावे. वीज येईपर्यंत घरातील माणसांनी पाळ्या लावाव्यात.