रक्तपेशीला मिळणारी सवड

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूर, उटनूर, इंद्रवेल्ली या पट्ट्यात सिकलसेलचं नाव आता बहुतेक घरांना ठाऊक आहे. गोंड, कोलाम, परधान कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मी गणित शिकवणारा माणूस, डॉक्टर नाही. पण ताणाखाली पेशी कशी वागते याची समीकरणं बरीच वर्षं वाचतो, मुलांकडून सोडवून घेतो, आणि दवाखान्याबाहेर बसलेल्या आईबापांना त्यांचा अर्थ सांगतो. त्यातून पटलेल्या गोष्टी इथे मांडतो.

१. आधी ताण कोणता ते ओळखावं.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतला सहावा दुवा बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हे १९५०च्या दशकात शोधलं. ऑक्सिजन असेपर्यंत काही बिघडत नाही. तो अवयवांना देऊन झाला की हे रेणू एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनवू शकतात, आणि लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकू शकते. म्हणजे ऑक्सिजन कमी होण्याचा हा ताण अधूनमधून येणारा नाही. शरीरातून होणाऱ्या प्रत्येक फेरीत पेशीला तो सोसावाच लागतो.

२. ऑक्सिजन किती कमी झाला, याइतकंच किती वेळ कमी राहिला हे महत्त्वाचं.

या आजाराच्या गणितातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. १९७४ साली हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी दाखवलं की ऑक्सिजन निघून गेल्यावर तंतू लगेच बनत नाहीत. दुधाला विरजण लावल्यावर बराच वेळ काही दिसत नाही आणि मग ते भराभर घट्ट होतं, तसं इथे घडतं. आधी नुसती शांतता, मग एकदम तंतूंचं जाळं. कारण पहिला तंतू जुळून यायला वेळ लागतो, पण तो झाला की त्याच्याच अंगावर पुढचे तंतू उगवू लागतात.

या शांततेच्या काळाला मी सवड म्हणतो. केशवाहिनीतून पार व्हायला पेशीला साधारण एखादा सेकंद लागतो. सवड त्याहून मोठी असेल तर पेशी वाकायच्या आत मोठ्या शिरेत पोचते आणि फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते. सवड लहान पडली तर ती अरुंद वाटेतच अडकते, मागून येणाऱ्या पेशी तिच्यामागे तुंबतात आणि वेदना सुरू होतात. ही सवड मिळते म्हणूनच रुग्णाच्या बहुतेक पेशी न वाकता परत येतात, असं १९८७ मध्ये मोझारेली, हॉफ्रिक्टर आणि ईटन यांनी मांडलं. सिकलसेलचा माणूस कामधंदा करत जगतो तो या सवडीच्या बळावर.

३. दोन टक्क्यांना किरकोळ म्हणू नये.

पेशीतलं हिमोग्लोबिन जितकं दाट, तितकी सवड कमी. हे नातं सरळ प्रमाणातलं नाही. परिस्थितीनुसार सवड दाटपणाच्या १५ व्या ते ३० व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. मुलांना मी कॅल्क्युलेटर घेऊन १.०२ चा तिसावा घात काढायला लावतो. उत्तर येतं १.८१. म्हणजे दाटपणा दोन टक्क्यांनी वाढला तर दहा सेकंदांची सवड साडेपाचवर येते. पाच टक्क्यांनी वाढला तर १.०५ चा तिसावा घात ४.३२, आणि सवड उरते सव्वादोन सेकंदांच्या आसपास. वहीत हा आकडा उतरला की वर्ग गप्प होतो. मे महिन्यातल्या उन्हात पेशीतलं थोडंसं पाणी कमी होण्याची किंमत काय, हे याहून स्पष्ट मला सांगता येत नाही.

४. ताणाला पेशी उत्तर देते, आणि कधी त्या उत्तरानंच घात होतो.

पेशी वाकली की तिच्या आवरणातून कॅल्शियम आत शिरतं. त्यानं पोटॅशियमचा एक दरवाजा उघडतो. हंगेरीच्या गार्डोश यांचं नाव त्याला मिळालं आहे. पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागे पाणी जातं, पेशी आकसते, हिमोग्लोबिन आणखी दाट होतं आणि पुढच्या फेरीत सवड आणखी घटते. क्षार, पाणी, आम्लता आणि पेशीचं आकारमान यांचा असा एकत्र हिशेब मांडणारं प्रारूप व्हर्जिलिओ ल्यू आणि रॉबर्ट बुकचिन यांनी १९८६ मध्ये दिलं. मॉडेलिंग शिकू पाहणाऱ्यानं ते जरूर अभ्यासावं. एक आकडा हलवला की बाकीचे कसे हलतात, ते त्यात उघड दिसतं.

५. पेशीचं उत्तर बरोबर आलं म्हणून माणसाचं येईलच असं नाही.

गार्डोशचा दरवाजा बंद करणारं सेनिकापॉक नावाचं औषध आलं होतं. पेशी कमी आकसल्या, कमी फुटल्या, हिमोग्लोबिन वाढलं. पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत आणि मोठी चाचणी थांबवावी लागली.

दुसरं उदाहरण आमच्याच जिल्ह्याचं. आदिलाबादची थंडी तेलंगणात सर्वांत कडक. एका आईनं विचारलं, “गुरुजी, थंडी पडली की याचे हातपाय काहून ठणकतात?” परीक्षानळीत तर उलट घडतं. थंड केलं की तंतू विरघळतात. पण शरीराच्या आतलं रक्त गरमच असतं. थंडीनं आकसतात त्या कातडीलगतच्या रक्तवाहिन्या. रक्त रेंगाळतं, पेशीला जास्त वेळ ऑक्सिजनविना काढावा लागतो आणि तेवढी सवड तिच्याकडे नसते. नळीतलं समीकरण चुकलेलं नाही. त्यात रक्तवाहिनी धरलेली नाही, इतकंच. त्या माउलीला मी एवढंच सांगितलं, “पोराला पहाटे उघडं फिरू देऊ नका.”

६. सिकलसेलवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीमागेही सवडच आहे. ती गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवते. ते तंतूंत सामील होत नाही, म्हणून तंतू जुळायला वेळ लागतो. बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःच्या मनानं सोडू नये.

७. तपासणीला घाबरू नये.

नळीतल्या द्रवात रक्ताचा थेंब टाकतात. द्रव गढुळला आणि मागच्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या की सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक (दोष बाळगणारा, पण स्वतः आजारी नसलेला) आहे की रुग्ण, हे ठरवायला पुढची तपासणी लागते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. आपली पाळी चुकवू नका.

आणि शाळांतल्या, आश्रमशाळांतल्या गुरुजींना माझं एक मागणं आहे. सिकलसेल असलेल्या मुलांच्या मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवणं जमत नाही. त्यांना सारखी लघवी लागते आणि शरीरातलं पाणी घटत राहतं. त्यांना वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, आणि बाहेर जायला हात वर केला तर अडवू नका.