काळ्या पाण्यातील मासे

‘काळे पाणी’ हे शब्द कानी पडताच मराठी माणसाला अंदमानचा तुरुंग आठवतो. परंतु खरोखरीच काळ्या पाण्याची एक नदी या पृथ्वीवर आहे. ब्राझील देशात मानाउस शहराजवळ ॲमेझॉनला येऊन मिळणाऱ्या या नदीचे नावच मुळी रिओ निग्रो, म्हणजे ‘काळी नदी’ असे आहे. संगमानंतरही एक गढूळ व एक काळाभोर असे दोन प्रवाह सुमारे ६ किलोमीटर एकमेकांत न मिसळता वाहत जातात.

हे पाणी घाण मात्र नव्हे. ओंजळीत घेतले तर ते कोऱ्या चहासारखे तांबूस, पण निवळ दिसते. काठची अरण्ये कित्येक महिने पुरात उभी असतात. गळलेली पाने पाण्यात कुजतात आणि त्यांतील आम्ल द्रव्ये पाण्यात उतरतात. जमीन रेताड असल्याने चुन्यासारखे क्षार त्यात नावालाही नसतात. अशा सौम्य, आम्लधर्मी पाण्यात कार्डिनल टेट्रा हा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा थव्याने राहतो. शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १९५६ साली केले. त्याचा भाऊबंद निऑन टेट्रा १९३६ पासूनच परिचित होता. लचके तोडणारा पिरान्हा हा यांचाच दूरचा नातलग, हे कोणास खरे वाटेल? त्यांच्या अंगावरील झळझळीत पट्ट्यात निळा रंग नसतोच. कातडीतील सूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून परतणारा प्रकाश तेवढा निळा दिसतो. रात्री हा पट्टा फिकट पडतो.

हे मासे सांगली जिल्ह्यातील कडेगावी काचेच्या टाकीत पाळावयाचे, तर खरी अडचण पाण्याची. हा तालुका अवर्षणप्रवण. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी येथील शेतांपर्यंत आणले. पण विहिरीचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपताना क्षार घेऊन येते. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्याच्या बुडाशी पांढरी खपली धरते. अशा जड पाण्यात काळ्या नदीच्या माशाला सुख कोठून लाभणार?

उपाय आभाळातून येतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या सरींनी छप्पर धुऊन जाऊ द्यावे व पुढचे पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून झाकणाच्या पिंपात साठवावे. दहा चौरस मीटर छपरावर ४० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४०० लिटर पाणी मिळते. ५० लिटरच्या टाकीतील पाव हिस्सा पाणी दर आठवड्यास बदलले, तरी एवढ्यात कोरडे आठ महिने निभतात. ज्या घरी पिण्याच्या पाण्यासाठीच टँकरची वाट पाहावी लागते, तेथे मात्र पिंप भरल्यावाचून मासे आणूच नयेत. पावसाच्या चार भाग पाण्यात विहिरीचा एक भाग मिसळावा. अगदी क्षारहीन पाण्याची आम्लता एकाएकी वाढू शकते. देशी बदामाची गळून पडलेली एकदोन वाळकी पाने धुऊन टाकली, की चहाचा तो रंगही येतो.

टाकी भरताच मासे सोडण्याची घाई अनेकांना नडते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया हे विष उत्पन्न होते. ते पचविणारे सूक्ष्म जंतू वाळूत व गाळणीत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्लधर्मी पाण्यात तर अधिकच. टाकी मुरल्यावर सहा-आठ मासे एकत्र ठेवावेत. एकटादुकटा टेट्रा भेदरून कोपऱ्यात बसतो. कंटाळा आला म्हणून परके मासे येरळेत किंवा गावतळ्यात सोडणे हा तर अपराधच समजावा. उजनीच्या जलाशयात कोळ्यांची जाळी फाडणारा सकर मासा असाच शोभेच्या टाक्यांतून बाहेर पडलेला आहे.

पाणी मानवले तर मादी अंडी घालते. आईबापच ती खातात, म्हणून त्यांना लगेच वेगळे काढावे लागते. अंड्यांना उजेड सोसत नाही. साधारण एका दिवसात पिले बाहेर पडतात व पाचव्या दिवसाच्या सुमारास पोहू लागतात. तोवर टाकीवरचे जाड कापड काढू नये.