फळ धरते तेव्हा : सूरह अल्-अन्आमच्या दोन आयतींचा सुगीतला पाठ





माघ सरत आला की आपल्या बारामती-इंदापूर परिसराचा रंग पालटू लागतो. फज्रच्या नमाजला निघताना अंगावर शाल लागते आणि जुहरला तीच शाल खांद्यावर जड वाटते. आंबे मोहोरलेले असतात. कडूलिंबाची जुनी पाने मस्जिदच्या आवारात पडत राहतात आणि त्याच फांद्यांवर तांबूस पालवी दिसू लागते. बांधावरचा पळस पाने टाकून नुसता फुलांनी पेटतो. सुप्याच्या बाजूला जिरायत रानात शाळूची काढणी सुरू असते, तर कालव्याखालच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग हटत नाही. गुऱ्हाळ चालू असलेल्या वस्तीवरून जाताना काकवीचा वास आपोआप पावले मंद करतो. आणि इंदापूर तालुक्यातील एखाद्या नातलगाच्या बागेतून द्राक्षांचा पहिला घड घरी येतो.

या हंगामाच्या पिकाला आपण ‘रब्बी’ म्हणतो. तलाठ्याच्या दप्तरात आणि शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द इतका रुळला आहे की तो अरबी आहे, याची आठवण फारशी कोणाला राहत नाही. ‘रबीअ’ म्हणजे वसंत. वसंतात हाती येते ते रब्बीचे पीक, आणि शरद ऋतूत येते ते खरीप. कारण ‘खरीफ’ म्हणजे शरद. रबीउल अव्वल या महिन्याच्या नावातही हाच शब्द आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने तो महिना सर्व ऋतूंतून फिरत राहतो, एवढेच. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी सांगितलेली एक दुआ मुसनद अहमदमध्ये आली आहे. दुःखाने आणि चिंतेने ग्रासलेल्या माणसाने ती करावी, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. तीत बंदा आपल्या पालनकर्त्याजवळ मागतो की, कुरआन माझ्या हृदयाचा ‘रबीअ’ व्हावा. म्हणजे ज्या शब्दाने आपण शाळू आणि हरभऱ्याचा हंगाम ओळखतो, तोच शब्द प्रेषितांनी (स.) दुःखी हृदयासाठी निवडला.

आता प्रश्न असा की, बाहेरच्या या रबीअकडे दीनदार माणसाने कसे पाहावे? आपल्याकडे एक समज खोल रुजला आहे. फुले, पक्षी, फळे, मोकळी हवा हे सारे दुनियेचे मन रमवणारे प्रकार आहेत आणि परहेजगार माणसाने त्यांच्यावरून नजर वळवावी, असा तो समज. मी स्वतः या समजापासून मुक्त नव्हतो. ती हकीकत पुढे येईलच. त्याआधी सूरह अल्-अन्आममधील दोन आयती समोर ठेवू.

पहिली आयत 99 वी. अल्लाह तआला आकाशातून पाणी उतरवतो, त्यापासून हरतऱ्हेची उगवण बाहेर काढतो, एकावर एक चढलेले दाणे, खजुरीचे लोंबते घोस, द्राक्षांच्या बागा, जैतून आणि डाळिंब, एकमेकांसारखे आणि तरीही निरनिराळे, असा तेथे आशय आहे. दुसरी आयत 141 वी. तीतही बागा आहेत; काही मांडवावर चढवलेल्या आणि काही मांडवाविना वाढणाऱ्या. खजुरी, निरनिराळ्या चवींची पिके, जैतून आणि डाळिंब आहेत. जैतून आणि खजूर वगळता ही यादी इंदापूर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने आपल्या शिवारात उभे राहून करावी तशी आहे. मांडवावरची बाग कोणती, हे आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

दोन्ही यादी जवळजवळ सारख्या, पण त्यांच्या अखेरीस आलेले आदेश वेगळे आहेत. 141 व्या आयतीत फर्मान आहे की फळ धरल्यावर त्यातून खा, कापणीच्या दिवशी त्याचा हक्क देऊन टाका आणि अतिरेक करू नका. 99 व्या आयतीत खाण्याचा उल्लेखच नाही. तेथे फक्त एवढा आदेश आहे की, झाडाला फळ धरते तेव्हा त्याच्याकडे पाहा आणि ते पिकते कसे, हेही पाहा. कुरआनच्या क्रमात पाहण्याचा आदेश आधी येतो, खाण्याचा आणि देण्याचा नंतर. शिवाय पाहायचे आहे ते एकदाच नव्हे. फळ धरताना आणि ते पिकताना, दोन्ही वेळा. हिरवा, आंबट, कठीण मणी आठवड्या-आठवड्याने कसा पारदर्शक आणि गोड होत जातो, हे सावकाश पाहायला सांगितले आहे.

आता माझी हकीकत. काही वर्षांपूर्वी, याच दिवसांत, आमच्या जमाअतीतील एक बांधव जुम्याच्या नमाजनंतर भेटले. औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा कष्टाळू माणूस. सोबत त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. ती आमच्याच मकतबमध्ये शिकत असे.

“मौलाना,” ते म्हणाले, “ही भिगवणचे पक्षी पाहायला न्या म्हणून हट्ट धरून बसली आहे. रविवार एवढीच माझी सुट्टी. यात दीनचा काही फायदा आहे का?”

मी घाईत होतो. “सुट्टीच्या दिवशी तिचा पाठ पक्का करून घ्या,” एवढे म्हणून मोकळा झालो. त्यांनी मान डोलावली. मुलगी काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात मकतबमध्ये सूरह अल्-मुल्क चालू होती. मुलांना पठणासोबत मराठीतून अर्थ सांगण्याचा माझा परिपाठ आहे. 19 व्या आयतीपाशी आलो. यांनी आपल्या डोक्यावरचे पक्षी पाहिले नाहीत काय, जे पंख पसरतात आणि मिटतात, आणि ज्यांना रहमानखेरीज कोणीही सावरून धरत नाही? हा अर्थ मी सांगत गेलो आणि मध्येच माझी नजर त्या मुलीकडे गेली. तिचा पाठ अगदी पक्का झालेला होता. ती वहीच्या कडेवर बोट फिरवत खाली पाहत होती. कुरआन जे पाहिले नाही काय असे विचारत आहे, ते पाहायला जाण्यापासून मी तिला अडवले होते, आणि त्या वेळेत तीच आयत पाठ करायला लावली होती.

त्या रात्री मी तिच्या घरी गेलो आणि माझे चुकले असे तिच्या वडिलांना सांगितले. पुढच्या रविवारी आमची दोन्ही कुटुंबे भिगवणला गेली.

भीमेवर उजनीचे धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे इंदापूर तालुक्यात दूरवर पसरते. हिवाळ्याच्या अखेरीपासून पाणी ओसरू लागते, काठचा चिखल उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. कोणी त्यांना अग्निपंख म्हणतात. कुंभारगावच्या मच्छीमार बांधवांच्या होडीतून आम्ही निघालो. होडीत बसताना मुलांनी स्वारीची दुआ म्हटली. सूरह अज्-जुखरुफमध्ये नौका आणि जनावरांच्या उल्लेखाला लागूनच ती येते, हे मुलांना प्रथमच प्रत्यक्षात कळले. रोहित मान खाली घालून चोच उलटी करतो, चिखलपाणी चोचीत घेऊन गाळतो आणि बारीक जीव व शेवाळ तेवढे ठेवतो. त्याच्या पंखांचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. त्या मुलीने विचारले, “उस्ताद, म्हणजे तो जे खातो तसा दिसतो?” हलाल कमाईवर मी आजवर जेवढी प्रवचने दिली, त्यांत इतके नेमके वाक्य मला सुचले नव्हते. थवा उडाला तेव्हा पंखांच्या आतला लाल-काळा रंग एकदम उघडला, आणि तिच्या वडिलांच्या तोंडून ‘सुब्हानल्लाह’ निघाले. ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

हेही येथे नोंदवले पाहिजे की ज्या पाण्यावर आपण हौसेने फिरतो, त्याखाली अनेकांची शेते आणि घरे गेली आहेत. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. होडीवाल्या काकांनी मुलांना ती दिशा दाखवली आणि आपल्या आजोबांची जमीन त्याच बाजूला होती, असे सांगितले. मुले बराच वेळ गप्प होती.

(जाता जाता एक. मराठीच्या पदवी वर्गात मोरोपंत शिकताना मला नवल वाटले होते की, बारामतीत राहिलेल्या या कवीने आपल्या आर्त प्रार्थनेला ‘केकावली’ असे नाव दिले. केका म्हणजे मोराचा टाहो. पक्ष्याचा आवाज ऐकून निर्मात्याला हाक मारण्याची सवय या मातीला जुनी आहे.)

कोणी म्हणेल, मौलाना, अशाने गफलत वाढेल. ही भीती सहाबांनाही वाटली होती. सहीह मुस्लिममध्ये हजरत हन्जला (रजि.) यांची हकीकत आहे. प्रेषितांच्या (स.) सहवासात असताना जन्नत व जहन्नम जणू डोळ्यांसमोर दिसतात, आणि घरी येऊन बायकामुलांत, शेतीवाडीत रमले की बरेचसे विसरायला होते, तेव्हा आपण मुनाफिक तर झालो नाही ना, या धास्तीने ते घराबाहेर पडले. वाटेत हजरत अबू बक्र (रजि.) भेटले. माझीही स्थिती तशीच आहे, असे ते म्हणाले. दोघे प्रेषितांकडे (स.) गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की तुम्ही सदैव त्याच अवस्थेत राहिला असता, तर फरिश्त्यांनी तुमच्या अंथरुणावर आणि रस्त्यांत तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, पण हन्जला, एक घटका याची आणि एक घटका त्याची. लक्षात घ्या, येथे मुलांत रमण्याच्या घटकेला गुनाह म्हटलेले नाही. त्या घटकेने नमाजची घटका गिळू नये, एवढेच पाहायचे. आम्ही भिगवणला जुहरची नमाज काठावरच चटई टाकून अदा केली.

पाहण्यानंतर खाणे. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात की, हंगामाचे पहिले फळ दिसले की लोक ते प्रेषितांकडे (स.) आणीत. ते फळ हाती घेऊन फळांत, मदीना शहरात आणि तेथल्या साअ व मुद्द या मापांत बरकत मागत. मग तेथे असलेल्या सर्वांत लहान मुलाला बोलावून ते फळ त्याला देत. मापांची दुआ मला विशेष वाटते. आपल्याकडे पायली आणि आधोलीने धान्य मोजत, तशी ती मापे. फळ हातात असताना बाजाराच्या मापाची, म्हणजे प्रामाणिक व्यवहाराची आठवण झाली. आणि पहिला हक्क मिळाला तो ज्याला झाडावर चढता येत नाही, मागताही नीट येत नाही, अशा बालकाला. आपल्या घरात द्राक्षांचा पहिला घड आला की आधी कोणाच्या ताटात जातो? बहुधा पाहुण्यांच्या, नाहीतर घरातल्या कर्त्या माणसाच्या. या वर्षी ही सुन्नत करून पाहावी. सर्वांत लहान मूल आपल्याच घरातले असले पाहिजे, असेही काही नाही. ऊसतोडीला बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांच्या कोप्या आपल्या शेताच्या कडेलाच असतात.

खाल्ल्यावर हिशेब आहे, हेही विसरता येत नाही. भुकेने घराबाहेर पडलेले प्रेषित (स.), हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) एका अन्सारी सहाबींच्या घरी गेले. यजमानांनी आनंदाने खजुरीचा एक घोस आणला. त्यात अर्धकच्चे, पिकलेले आणि सुकलेले असे तिन्ही प्रकार होते. पोट भरल्यावर प्रेषितांनी (स.) आपल्या सोबत्यांना सांगितले की, या नेअमतीविषयी कियामतच्या दिवशी तुम्हाला विचारले जाईल. भुकेल्या माणसांच्या पोटात गेलेल्या खजुरांची ही गोष्ट आहे. आपल्या फ्रिजमध्ये सडून जाणाऱ्या द्राक्षांविषयी मी वेगळे काय लिहू?

आता देणे, आणि येथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. 141 व्या आयतीत हक्क देण्याची वेळ सांगितली आहे: कापणीचा दिवस. कारखान्याचे बिल जमा होण्याचा दिवस किंवा वर्षाचा हिशेब लागण्याचा दिवस असे म्हटलेले नाही. सूरह अल्-कलममधील बागवाल्यांनी हेच टाळले होते. गरिबांनी यायच्या आत तोडणी उरकू, असे ठरवून ते पहाटे दबक्या आवाजात बोलत निघाले आणि पोहोचले तेव्हा बाग रात्रीतच उद्ध्वस्त झाली होती. आपल्याकडे शाळूची कणसे खुडून झाल्यावर गोरगरीब बायका रानात सरवा वेचत. यंत्राने मळणी होऊ लागली, बांधाला तारा आल्या आणि सरवा वेचणाऱ्यांना कित्येक ठिकाणी हाकलून लावले जाते. तार आपल्या रानाला असेल, तर काढणीनंतर दोन दिवस फाटक उघडे ठेवावे.

उशरविषयी वाचक वारंवार विचारतात. बुखारीतील हदीसनुसार पावसावर किंवा झऱ्यांवर पिकते त्याचा दहावा हिस्सा, आणि पाणी ओढून घालावे लागते त्याचा विसावा. त्या हिशेबाने केवळ पावसाच्या ओलीवर आलेल्या शाळूचा दहावा आणि विहिरीवर मोटर लावून भिजवलेल्या गव्हाचा विसावा हिस्सा होतो. भाटघर आणि वीर धरणांतून नीरा डाव्या कालव्याने येणाऱ्या पाण्याची पट्टी भरावी लागते, म्हणून कालव्याच्या पिकाचा हिशेब आपल्या जवळच्या मुफ्तींना विचारून घ्यावा. आपल्या देशातील जमिनींवर उशर वाजिब आहे की नाही, याबाबत उलेमांत मतभेद आहेत, हे खरे. परंतु मतभेदाचे नाव सांगून काहीच न देण्याची जी रीत पडली आहे, तिला कोणत्याही इमामांचा आधार नाही. ज्यांच्या बागेवर अवकाळी पाऊस किंवा गारा पडल्या, त्यांच्याकडे हिशेब घेऊन जाऊ नये. त्यांच्याकडे पीठ, तेल घेऊन जावे.

सुप्याच्या बाजूला एक वृद्ध शेतकरी मला परिचयाचे आहेत. त्यांचे पाच-सहा पोती शाळूचे रान. रास तयार झाली की ते बिस्मिल्लाह म्हणून पहिली पाटी भरतात आणि बाजूला ठेवतात. मग उरलेले मोजायला घेतात. गेल्या सुगीला मी तेथे होतो. पाऊस कमी होता, रास गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती. त्यांच्या मुलाने हळूच म्हटले, “अब्बा, यंदा आधी मोजून तर बघू.”

त्यांनी पाटी भरली आणि बाजूला ठेवली.