वाढत्या वयाची हाडे आणि संप्रेरकांचे विकार

निवासी शाळेत मुलाची जी वर्षे जातात, तीच त्याची हाडे घडण्याची वर्षे असतात, ही बाब सहसा आपल्या ध्यानात येत नाही. उंची झपाट्याने वाढते त्या सुमाराच्या दोन वर्षांतच प्रौढपणीच्या अस्थिसंचयाचा जवळजवळ चौथा भाग शरीरात साठतो. हे काम केवळ दुधाने होत नाही. हाडे कोणत्या वेगाने घडावीत हे संप्रेरके ठरवितात. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की वाढ मंदावते, अति झाले की हाडांची झीज होते. इन्सुलिनचा संबंध फक्त साखरेशी, असा समज आहे. पण हाड घडविणाऱ्या पेशींनाही ते लागते. म्हणून टाइप १ मधुमेहात साखर दीर्घकाळ अनियंत्रित राहिल्यास हाडे दुबळी राहू शकतात. दुसऱ्या आजारासाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडचाही परिणाम तसाच होतो. (मात्र भीतीपोटी ते औषध परस्पर थांबविणे प्रसंगी जिवावर बेतते.)

काही वर्षांपूर्वी आमच्या माणिकपूरच्या वसतिगृहात थायरॉइडची गोळी घेणारा, वयाच्या मानाने ठेंगणा असा सहावीतला एक मुलगा होता. खेळताना पडून त्याचे मनगट दुखावले, तेव्हा पालकांनी बाहेर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करविली. अहवालावर ‘ऑस्टिओपोरोसिस’ असे छापून आले. त्या एका शब्दापायी त्याचे खेळणे सुटले. सांगण्यास संकोच वाटतो, पण सारे सत्र आम्हीही त्याला मैदानाच्या कडेला बसवून ठेवले.

पुढे बालसंप्रेरकतज्ज्ञांनी तो कागद पाहिला आणि त्यातील दोन चुका आम्हांस समजावून सांगितल्या. पहिली चूक ‘टी-स्कोअर’ची. हा आकडा तरुण प्रौढाच्या हाडांशी तुलना करतो. अकरा वर्षांचे मूल त्यात उणे ठरणारच. मुलांसाठी त्यांच्याच वयाच्या व लिंगाच्या मुलांशी तुलना करणारा ‘झेड-स्कोअर’ पाहावयाचा असतो. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. डेक्सा यंत्र हाडाची लांबी-रुंदी मोजते, जाडी मोजत नाही. त्यामुळे लहान चणीच्या मुलाचे हाड निरोगी असूनही विरळ भासते. संप्रेरकांचे विकार असलेली मुले बहुधा ठेंगणीच असतात, म्हणून उंचीचा हिशेब धरल्यावाचून त्यांचा अहवाल वाचणे व्यर्थ होय. शिवाय मुलांच्या बाबतीत केवळ आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिसचे निदान करीत नाहीत. मोठ्या आघाताविना मणका दबणे, किंवा कमी घनतेच्या जोडीला लांब हाडे वारंवार मोडणे, असा इतिहास लागतो. भारतीय मुलांच्या वाढीचे व हाडांच्या घनतेचे आपले मोजमाप असावे म्हणून पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातील संशोधन संस्थेत डॉ. वामन व डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी मोठे काम केले आहे.

त्या मुलाला खरी गरज होती ती मैदानाचीच. धावणे, उड्या, लेझीम यांचा भार पडला की हाड बळकट होते. ऊनही हवे; पण सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारी किरणे फार थोडी असतात, ती मिळतात अकरा ते तीनच्या दरम्यान. म्हणून मधल्या सुट्टीत थोडा वेळ तरी मुले बाहेर असावीत, असा आमचा आग्रह असतो. १३ ते १५ वर्षांच्या मुलास रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते. तीळ आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी हेही चांगले स्रोत आहेत. थायरॉइडची गोळी मात्र उपाशीपोटी घ्यावी, आणि तिच्यात व कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. दोन्ही गोळ्या एकदम देऊन मोकळे होण्याचा मोह वसतिगृहात फार होतो.

आता आम्ही जून व डिसेंबरमध्ये प्रत्येक मुलाची उंची अनवाणी उभे करून मोजतो. पौगंडावस्थेपूर्वी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. ती चारहून कमी भरली तर पालकांना बोलावतो. पालकांकडे एकच मागणे आहे: प्रवेशाच्या वेळी आजार व औषधे लपवू नयेत. मुलीच्या बाबतीत पुढे लग्नाला अडचण येईल या धास्तीने थायरॉइडची गोळी कपड्यांच्या घडीत दडवून पाठविली जाते, आणि ती वेळेवर घेतली की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते.