टायरची झीज आणि कायद्याची नजर

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात टायरवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु राज्यशास्त्राच्या तासाला शासनसंस्था आणि नागरिक ह्यांच्या संबंधांविषयी आपण जे शिकतो, त्याचे याहून हाताशी असलेले उदाहरण मला सापडले नाही. गाडी आणि रस्ता ह्यांची गाठ प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढ्या जागेत पडते. त्या तळहाताएवढ्या रबराविषयी शासन काय सांगते, आणि जे सांगते ते पाहतो कोण, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वर्तकनगरात राहणाऱ्याला तो शोधावयास दूर जावे लागत नाही. पोखरण रस्ता क्रमांक एकवरून कॅडबरी नाक्याला उतरले की पूर्व द्रुतगती महामार्ग लागतो. पुढे माजिवड्याला घोडबंदरचा रस्ता फुटतो. गुजरातकडे निघालेले कंटेनर, शाळेच्या बसगाड्या, रिक्षा आणि रेनकोट घातलेले दुचाकीस्वार तेथे एकाच पाण्यातून वाट काढीत असतात. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. म्हणून आपल्याकडे टायरचा प्रश्न हा मुख्यतः पावसाळ्याचा प्रश्न आहे.

टायरच्या पृष्ठभागावरील खाचांना पंक्चरवाले ‘नक्षी’ म्हणतात. शब्द सुंदर असला तरी ती नक्षी शोभेची नव्हे. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही पकड धरतो. किंबहुना शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या दिवशी बिननक्षीचेच टायर लावतात. ओल्या रस्त्यावर मात्र चाकाखालचे पाणी बाजूला सारण्याचे काम ह्या खाचा करतात. त्या उथळ झाल्या की पाण्याला जावयास जागा उरत नाही, रबर आणि डांबर ह्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो आणि वेगात असलेली गाडी त्या थरावर तरंगू लागते. अशा वेळी ब्रेक कितीही उत्तम असला तरी उपयोग नसतो, कारण ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवितो तो टायर.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशात मोटारींविषयीचा अखिल भारतीय स्वरूपाचा पहिला कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि सध्याचा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. १९३९ च्या कायद्याखाली गाडीच्या साधनसामग्रीचे बारकावे बव्हंशी प्रांतांच्या आणि पुढे राज्यांच्या नियमांवर सोपविलेले होते; आपल्याकडे १९५९ चे मुंबई मोटार वाहन नियम होते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी हा भाग सर्व देशासाठी एकसारखा केला. त्यांतील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. आतले कापड उघडे पडलेला, एखाद्या जागी फुगा आलेला, किंवा बाहेरून ठिगळ लावून चालविलेला टायर वापरू नये, असे तो सांगतो. नक्षीच्या खोलीची किमान मर्यादाही त्यात आहे : दुचाकी व तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर, इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती उदार आहे ते कळेल. वयाचा मात्र त्या नियमात उल्लेख नाही. दहा वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा, नक्षी शाबूत पण रबर कडक होऊन भेगाळलेला टायर केवळ जुना म्हणून त्या नियमात सापडत नाही. ही मला उणीव वाटते.

टायरच्या जन्माच्या वेळची देखरेख त्या मानाने कडक आहे. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशान्वये भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाशिवाय, म्हणजे आपल्या परिचयाच्या आयएसआय शिक्क्याशिवाय, मोटारवाहनांचे टायर बनविणे, आयात करणे, विकणे ह्यांवर बंदी आली. तो आदेश २०११ पासून लागू झाला. २०२२ मध्ये केंद्र शासनाने आणखी एक पाऊल टाकून मोटारी, बस आणि ट्रक ह्यांच्या टायरांसाठी ओल्या रस्त्यावरील पकड, लोळताना होणारा विरोध आणि आवाज ह्यांच्या कसोट्या अधिसूचित केल्या. पकडीची कसोटी इतक्या उशिरा यावी, हे आपल्यासारख्या पावसाळी देशात नवलाचेच म्हटले पाहिजे.

म्हणजे कारखान्यातून निघताना टायरची परीक्षा होते. मधल्या आयुष्याचे काय? येथे खरी अडचण सुरू होते. रिक्षा, टॅक्सी, ट्रक, बस अशा परिवहन वाहनांना योग्यता प्रमाणपत्र लागते. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. आपण ज्याला ‘पासिंग’ म्हणतो ते हेच. परंतु दिवसभर धावणाऱ्या रिक्षाचा टायर दोन पासिंगांच्या मध्ये नवा होऊन पुन्हा गुळगुळीत होऊ शकतो. पासिंगपुरते चांगले टायर मागून आणून लावायचे आणि संध्याकाळी परत करायचे, ही युक्ती तर ह्या धंद्यात सर्वांना ऐकून ठाऊक आहे. रिक्षावाल्याला नुसता दोष देऊन भागणार नाही. नव्या टायरची किंमत त्याच्या त्या दिवसाच्या कमाईतून जाते आणि त्या टायरमुळे वाचलेला अपघात त्याच्या हिशेबाच्या वहीत कोठेच जमा होत नाही. मागे बसलेल्या प्रवाशाला टायर दिसतही नाही. ज्याला धोका आहे त्याला माहिती नाही, आणि ज्याला माहिती आहे त्याला खर्च आहे. अर्थशास्त्राचे विद्यार्थी ही कोंडी लगेच ओळखतील.

खाजगी मोटार आणि स्कूटर ह्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि तेवढ्या काळात त्यांचे टायर ठराविक मुदतीने तपासण्याची सक्ती कायद्यात नाही. विम्याचे नूतनीकरण टायर न पाहता होते. पीयूसीसाठी धूर तपासतात, चाक नव्हे. इंग्लंडमध्ये १९६० पासून खाजगी गाड्यांची ठराविक मुदतीने तपासणी होते आणि आज तीन वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला दरवर्षी त्या परीक्षेला बसावे लागते. तीत टायरही पाहतात. आपल्या कायद्याने ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. कलम १९० ची भाषा मला अर्थपूर्ण वाटते : जो दोष चालविणाऱ्याला ठाऊक आहे, किंवा साधारण काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता, असा दोष असलेले वाहन रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड दीड हजार रुपये झाला. तेव्हा ‘मला कळलेच नाही’ ही सबब कायद्यापुढे टिकत नाही.

साधारण काळजी म्हणजे काय, ते मी पंक्चरच्या दुकानात शिकलो. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे असतात. तेथून सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत पाहिले की तळाशी रबराचा छोटा आडवा उंचवटा दिसतो. झिजता झिजता नक्षी त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर बदलावयाचा. शेजारी लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा, हा टायरचा जन्मकाळ. ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ हे तर एक छोटे वाक्यच आहे : रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल, रिम १४ इंची, एका टायरवर भार ५१५ किलोपर्यंत, वेग ताशी १९० किलोमीटरपर्यंत. (जाता जाता : आपला ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे जादा चाके बनत. मोठे नियम आले नि गेले, त्या रस्त्याचे नाव मात्र ठाण्याच्या गॅरेजात टिकून आहे.)

टायरविषयीची सार्वजनिक चर्चा आपल्याकडे बहुधा ‘टायर फुटला’ ह्या दोन शब्दांत संपते. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी प्राणांस मुकले. टायर फुटला, असे चालकाचे म्हणणे होते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नसल्याचे नमूद झाले. टायर हा सोयीचा आरोपी आहे, तो उलट बोलत नाही. म्हणूनच अपघातानंतरच्या तपासाला नियमाइतकेच महत्त्व आहे. अमेरिकेत २००० साली फायरस्टोनचे सुमारे ६५ लाख टायर परत मागविले गेले, ते अपघातांच्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्यामुळे. त्याच वर्षी तेथे टायरविषयी नवा कायदाही झाला. सदोष वाहन परत मागविण्याचा अधिकार आपल्याकडे शासनाला २०१९ च्या दुरुस्तीतील कलम ११०-अ ने मिळाला.

समृद्धीवरील अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर पाहणे सुरू केले आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडविल्या. जून २०२५ मध्ये हा ७०१ किलोमीटरचा मार्ग भिवंडी तालुक्यातील आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला, म्हणजे तो आता आपल्या जिल्ह्यात येऊन थांबतो. परंतु आमण्याला अडवावा असा टायर घोडबंदर रस्त्यावर रोज बिनबोभाट फिरतो, कारण ह्या रस्त्याला प्रवेशद्वार नाही. माझ्या मते पीयूसीच्या वेळीच नक्षीची खोली मोजून ती प्रमाणपत्रावर लिहावी. मोजपट्टी स्वस्त आहे, काम दोन मिनिटांचे आहे आणि पंपावर हवा भरणारा माणूस चाकापाशी वाकलेला असतोच. ह्यावर एका मित्राचा आक्षेप असा, की जेथे गाडी न आणता पीयूसी मिळू शकते तेथे मोजपट्टीचा आकडाही घरबसल्या मिळेल. त्याचे म्हणणे मला खोडता आलेले नाही.