घाईचे दुखणे : वृषणाला पडणारा पीळ



दोन मुलांत अंतर किती असावे, पाळणा कसा लांबवावा, हे आमच्याकडून तुम्ही पुष्कळदा ऐकले आहे. आज घरात असलेल्या मुलाविषयी बोलायचे आहे. तुमचा मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला असेल, तर हे पत्रक नवरा-बायको दोघांनी मिळून वाचा. लाजण्यासारखे यात काही नाही.

एका घरी असे झाले. चौदा वर्षांचा मुलगा पहाटे कळवळत उठला. आईने विचारले, "काय होतंय रे?" म्हणाला, "पोट दुखतंय." एक उलटीही झाली. आईने ओवा दिला. आजीने बेंबी सरकली म्हणून तेल लावून पोट चोळले. खरी कळ होती खाली, वृषणात, म्हणजे आपण अंड किंवा गोळी म्हणतो तिथे. पण आईपुढे ते बोलायचे कसे? तिसऱ्या दिवशी पोराला पाय फाकून चालावे लागले, तेव्हा बापाने पाहिले. एका बाजूची पिशवी लाल होऊन टरारून सुजली होती. जिल्ह्याच्या गावी नेले, पण तोवर ते वृषण मेले होते. काढूनच टाकावे लागले.

असे का होते? प्रत्येक वृषण पिशवीत एका दोरीवर लोंबत असते. त्या दोरीतूनच त्याला रक्त पोचते. काही मुलांत वृषण जन्मापासूनच आत नीट चिकटलेले नसते, सैल असते. ते एकाएकी स्वतःभोवती फिरते आणि दोरीला पीळ बसतो. मळ्यातल्या रबरी नळीला पीळ पडला की पुढचे पाणी बंद होते ना, तसेच इथे रक्त बंद होते. पोराने काही वाईट केले म्हणून हे होत नाही. झोपेतही होते, खेळताना होते, मार लागल्यावरही होते. बारा ते अठरा या वयात जास्त दिसते, पण तान्ह्या बाळाला आणि मोठ्या माणसालाही होऊ शकते.

कळ अचानक आणि जोराची येते, बहुधा एकाच बाजूला. जांघेत, ओटीपोटातही दुखते. मळमळते, उलटी होते. दुखरे वृषण दुसऱ्यापेक्षा वर चढलेले किंवा आडवे झालेले दिसते. मागाहून सूज येते. कधी कधी कळ येते आणि आपोआप थांबते. "बरे वाटले" म्हणून तेव्हाही गप्प बसू नका. पीळ सुटला असेल, पण तो पुन्हा पडू शकतो. डॉक्टरांना दाखवून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. कळ सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत पीळ सोडवला, तर दहांतली नऊ वृषणे वाचतात. १२ तास गेले की निम्मीच हाती लागतात. २४ तासांनंतर क्वचितच एखादे वाचते. म्हणून उजाडण्याची, बाजाराच्या दिवसाची किंवा एसटीची वाट पाहू नका. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका मोफत येते. प्राथमिक केंद्रात हे ऑपरेशन सहसा होत नाही. जिथे सर्जन हजर आहे अशा ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात सरळ न्या. आधी फोन करून विचारलेत तर फेरा वाचेल. वाटेत चहा-पाणी, खाणे देऊ नका, कारण भूल द्यावी लागते. गरम विटेचा शेक, एरंडाचे पान, मालीश यांत फक्त तास जातात. ताप आहे, लघवीला जळजळते, म्हणजे साधी सूज असेल, असेही घरी ठरवू नका. ते ओळखणे डॉक्टरांचे काम.

ऑपरेशनमध्ये पीळ सोडवतात आणि दोन्ही वृषणे आतून टाक्यांनी पक्की करतात, म्हणजे पुन्हा पीळ पडायला नको. एक काढावे लागले तरी दुसरे चांगले असेल तर बहुधा लग्न, संसार, मूल यांत अडचण येत नाही. त्या मुलाच्या आईबापांना ही धास्ती फार होती.

मुलाला हे आधीच सांगून ठेवणे बापाचे काम आहे. "खाली कधी जोरात दुखलं तर रात्री दोन वाजतासुद्धा मला उठव, मी रागावणार नाही," एवढे वाक्य पुरे. बाप बाहेरगावी असेल तर आईने विचारावे, "बाळा, पोट दुखतंय की खाली?" पोर मान खाली घालेल. पुन्हा विचारा.

आणखी एक शंका गावोगाव निघते : नसबंदीने असा पीळ पडतो का? नाही. नसबंदीत फक्त पुरुषबीज वाहून नेणारी नळी बंद करतात, रक्ताच्या नळ्यांना हात लावत नाहीत. मात्र नसबंदी झालेल्या माणसाला अशी एकाएकी कळ आली, तर "ऑपरेशनचंच जुनं दुखणं असेल" म्हणून त्याने घरी पडून राहू नये. त्याच्याही हाती तेच ६ तास असतात.