बुद्धिबळाचे मंडळ

आपल्या सीमाभागात एकाच खेळाला तीन नावे आहेत. मराठी बोलणारा त्यास बुद्धिबळ म्हणतो, कन्नड बोलणारा चदुरंग आणि उर्दू बोलणारा शतरंज. यांपैकी चदुरंग व शतरंज ही नावे ‘चतुरंग’ या एकाच संस्कृत शब्दापासून निघालेली आहेत. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगे ज्यात आहेत, तो चतुरंग. मराठीने मात्र सैन्य बाजूला ठेवले आणि ज्या शक्तीने ते सैन्य चालवावयाचे तिचेच नाव खेळास दिले. आमची मातृभाषा कोकणी असल्यामुळे मराठी शब्दांकडे किंचित बाहेरून पाहण्याची सवय आम्हांस आहे. आणि हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. शिवाय हा खेळ न येणाऱ्या माणसाच्या बोलण्यातही तो येऊन बसलेला आहेच. शह, काटशह, मात, प्याद्याचा फर्जी होणे, हे शब्द आपण पट न मांडताही रोज वापरतो.

प्रस्तुत लेखात खेळाचे डावपेच शिकविण्याचा आमचा हेतू नाही. त्यासाठी स्वतंत्र पुस्तके आहेत. बुद्धिबळ हा दोघांचा खेळ. मग त्यासाठी पंचवीस-पन्नास माणसांचे मंडळ कशाला लागते आणि असे मंडळ नेमके काय जपते, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

या खेळाचा एक जुना धागा आपल्या अगदी जवळून जातो. हळ्ळीखेडहून हुमनाबादमार्गे बसवकल्याणास आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. हेच चालुक्यांचे कल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ११३० च्या आसपास, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. वीस अध्यायांची एक विंशती, अशा पाच विंशतींचा, एकूण शंभर अध्यायांचा हा ग्रंथ आहे. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि गजशास्त्रापासून संगीतापर्यंत नाना विषय त्यात आले आहेत. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंदही त्यातीलच. याच ग्रंथात राजाच्या करमणुकीचे खेळ सांगताना चतुरंगाचे वर्णन केलेले आहे, आणि पटावरील घोड्याने प्रत्येक घरात एकदाच पाय ठेवून सर्व चौसष्ट घरे कशी फिरावीत, हेही दिले आहे.

घोड्याच्या या फेरीवर क्षणभर थांबणे योग्य होईल, कारण तिच्यात गणिताचा एक सुंदर पाठ दडलेला आहे. आपल्याकडील जुने पट दोन रंगांचे नसत. कापडावर किंवा लाकडावर चौसष्ट घरे आखलेली, काही घरांवर फुल्या, एवढेच. काळ्या-पांढऱ्या घरांचा पट आपण पुढे स्वीकारला. आता असा दुरंगी पट डोळ्यांसमोर आणा आणि पुढील प्रश्न सोडवा : घोडा एका कोपऱ्यातून निघून, प्रत्येक घर एकदाच घेत, तिरप्या समोरच्या कोपऱ्यात फेरी संपवू शकेल काय? रंग नसलेल्या पटावर प्रयत्न करीत बसलात तर दिवस पुरणार नाही. रंगीत पटावर उत्तर दोन ओळींत मिळते. घोडा प्रत्येक उडीत रंग बदलतो. चौसष्ट घरे फिरण्यास त्रेसष्ट उड्या लागतात. त्रेसष्ट ही विषम संख्या, म्हणून शेवटचे घर पहिल्या घराच्या उलट रंगाचे असले पाहिजे. परंतु पटाचे तिरपे समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात. तेव्हा अशी फेरी होणे नाही. उड्यांची एकही मांडणी न तपासता आपण सर्व मांडण्यांविषयी निश्चित बोलू शकलो!

कल्याणचा दरबार मोडला, पण खेळ उरला. वाडे, देवळांच्या ओवऱ्या, घरांच्या पडव्या येथे तो खेळला जाऊ लागला. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळावर संस्कृतात ‘विलासमणिमंजरी’ हा ग्रंथ लिहिला, आणि १८१४ साली मुंबईस त्याचे इंग्रजी रूपांतर छापले गेले. पुढे १८९३ साली पुण्यास विनायक राजाराम टोपे यांचे ‘मराठी बुद्धिबळाचा मजा’ हे पुस्तक निघाले. पुस्तके होती, खेळणारेही होते. परंतु एक अडचण अशी होती की, नियम गावोगाव वेगळे होते.

हिंदुस्थानी पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चाले. राजास किल्लेकोट करता येत नसे. त्याऐवजी शह लागण्यापूर्वी त्याला एकदा घोड्यासारखी उडी मारण्याची मुभा असे. शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे वाटेल ते मोहरे होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले तेच ते होई. प्रतिपक्षाचा राजा एकटाच उरला तर तो अर्धा विजय धरण्याची चाल काही ठिकाणी होती, आणि प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजत. या नियमांत उणे काही नव्हते. आमच्या मते त्यांत डाव संथपणे रचण्याची एक वेगळी गोडी होती. पण एका गावचा कसलेला खेळाडू दुसऱ्या गावी गेला की अर्धा वेळ नियमांच्या वादात जाणार, आणि परदेशी गेला तर त्यास खेळ पुन्हा मुळापासून शिकावा लागणार.

पंजाबातील सुलतान खान यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ते देशी पद्धतीत वाढले आणि १९२९ साली आपल्या धन्याबरोबर लंडनला गेले. परका नियम, परकी भाषा, परकी थंडी; तरीही त्याच वर्षी ते ब्रिटनचे विजेते झाले, आणि १९३२ व १९३३ साली पुन्हा. माजी जगज्जेते कॅपाब्लांका यांनाही त्यांनी हरविले. त्याच घरात चाकरीस असलेल्या फातिमा नावाच्या तरुणीने १९३३ साली ब्रिटनचे स्त्रियांचे विजेतेपद मिळविले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. धनी मायदेशी परतले आणि दोघांचाही मोठ्या स्पर्धांतील खेळ संपला. बुद्धी होती, पण ती टिकवून धरणारी जागा त्यांची स्वतःची नव्हती. सुलतान खान यांना जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर ही सन्माननीय पदवी दिली ती २०२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी.

अशी जागा मराठी मुलखात कोठे निर्माण झाली, हे पाहावयाचे तर कृष्णाकाठी सांगलीस जावे लागते. पटवर्धनांच्या संस्थानाच्या या राजधानीत १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. जगात महायुद्ध चालू होते, देश पारतंत्र्यात होता. अशा वेळी एका गृहस्थास लाकडी मोहऱ्यांचे मंडळ काढावेसे वाटावे, याचे आम्हांस नवल वाटते आणि कौतुकही. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला १९५१ साली. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आंध्रात एलुरू येथे भरली १९५५ साली. तीत आंध्रचे डी. वेंकय्या आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे दोघे बरोबरीने पहिले आले. म्हणजे सांगलीचे मंडळ देशाच्या महासंघाहून दहा वर्षांनी आणि राष्ट्रीय स्पर्धेहून चौदा वर्षांनी वडील ठरते. उन्हाळ्याच्या सुटीत तेथे भरणाऱ्या स्पर्धांस निरनिराळ्या प्रांतांतील खेळाडू, आणि विशेषतः शाळकरी मुले, येऊ लागली. पडसलगीकरांना मराठी खेळाडू आदराने बुद्धिबळाचे भीष्माचार्य म्हणतात. त्यांच्या पश्चातही स्पर्धांची ती परंपरा पुढे चालू राहिली.

मंडळाच्या आत काय चालते? बाहेरून पाहणाऱ्यास तेथे काहीच चाललेले दिसत नाही. माणसे खाली मान घालून बसलेली, आणि घड्याळांचा आवाज. परंतु त्या शांततेस बारीक बारीक रीती बांधून ठेवतात. हात लावलेले मोहरे हलविलेच पाहिजे, ही पहिली. मोहरे नुसते सरळ करावयाचे असेल, तर हात लावण्यापूर्वी तसे बोलून दाखवावे लागते. खेळीचा विचार मनात करावयाचा, बोटांनी नव्हे. मोठ्या स्पर्धेत प्रत्येक खेळी कागदावर टिपावी लागते. वेळ मोजण्यासाठी जोडघड्याळ असते; एकाने खेळी करून कळ दाबली की त्याचे घड्याळ थांबते व दुसऱ्याचे चालू होते. १८८३ साली लंडनच्या स्पर्धेत अशी जोडघड्याळे प्रथम आली. त्यापूर्वी एकेका खेळीस तास तास लावून प्रतिपक्षास कंटाळा आणणारे वीर होते म्हणे!

मात्र या सर्वांहून महत्त्वाची रीत डाव संपल्यानंतरची आहे. हस्तांदोलन झाले की दोघेही खेळाडू तोच डाव पुन्हा मांडतात. कोणती खेळी चुकली, त्या जागी काय करता आले असते, याचा दोघे मिळून शोध घेतात. आजूबाजूचे चारजण खुर्च्या ओढून येतात, एखादा वडीलधारा मध्येच एक प्यादे मागे घेऊन दाखवितो. घटकेपूर्वी ज्याने आपल्याला हरविले तोच आपला शिक्षक होतो. घरी दोन भाऊ खेळले तर हरलेला पट उधळून उठतो. मंडळात हरलेला पट पुन्हा लावतो. दोघांच्या खेळास मंडळ कशाला हवे, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते येथे आहे.

स्पर्धेची रचनाही हेच तत्त्व कसे पाळते, ते आकड्यांनी पाहू. सोळा खेळाडू आहेत असे समजा. हरेल त्याने घरी जावे, अशी बाद पद्धत ठेवली तर पंधरा डावांत निकाल लागतो. पण पहिल्याच फेरीत आठजण बाहेर पडतात, आणि ज्यांना सरावाची सर्वांत अधिक गरज तेच सर्वांत कमी खेळतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे, अशी साखळी ठेवली तर एकशेवीस डाव आणि पंधरा फेऱ्या होतात. एवढी सुटी कोणास मिळणार? यातून मार्ग काढणारी पद्धत १८९५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे वापरली गेली, म्हणून तिला स्विस पद्धत म्हणतात. प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्यांची गाठ घालावयाची. जिंकलेल्याची जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी. मात्र तीच जोडी पुन्हा नाही. सोळाजणांत बरोबरी झाली नाही तर पहिल्या फेरीनंतर अपराजित आठ, मग चार, मग दोन, आणि चौथ्या फेरीनंतर एक. डाव एकूण बत्तीस होतात. निकाल बाद पद्धतीइतक्याच फेऱ्यांत लागतो, पण कोणासही घरी जावे लागत नाही. शेवटचा आलेलाही चार डाव खेळतो, आणि बहुधा आपल्याच तोडीच्या खेळाडूशी.

या जागेवर मुलींचा हक्क मान्य होण्यास मात्र फार वेळ लागला. भारतात स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली बंगळुरास झाली आणि मुंबईच्या वासंती खाडिलकर तीत विजयी झाल्या. त्यांच्या धाकट्या बहिणी जयश्री व रोहिणी यांनीही पुढे हे पद मिळविले. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास बसली तेव्हा मोठे वादळ उठले. तिने तीन राज्यांच्या विजेत्यांना हरविले, यामुळे ते शमले नाही. उलट वाढलेच असावे! अखेर जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स ऑइवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडविता येणार नाही, असा निर्णय दिला. हे माजी जगज्जेते पेशाने गणिताचे शिक्षक होते, तेही मुलींच्या शाळेत. म्हणून त्यांचा हा निर्णय सांगताना आम्हां शिक्षकांस थोडा अधिक आनंद होतो. रोहिणी खाडिलकर १९८१ साली आशियाच्या विजेत्या झाल्या, त्या आपल्याला जवळच्या हैदराबादेत. आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बाटुमी येथे स्त्रियांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात तिच्यासमोर बसलेली कोनेरू हंपी हीदेखील भारतीयच होती.

आपल्या शाळेतील कित्येक मुलींना सोंगट्या, काचापाणी येते. बुद्धिबळ मात्र घरात भाऊ खेळतो आणि त्या उभ्या राहून पाहतात, असे आमच्या ध्यानात आले आहे. उभे राहून पाहणाऱ्यास खेळ कळतो, पण हरता येत नाही, आणि हरल्यावाचून डाव पुन्हा मांडण्याची वेळ येत नाही.

मंडळ काढावयास इमारत लागत नाही. सोळाजण, मुलगे आणि मुली मिळून, आठ पट आणि चार शनिवार एवढी सामग्री वर सांगितलेल्या चार फेऱ्यांस पुरते. गुणांची वही एकाने ठेवावी, आणि ती ठेवणारा शक्यतो स्वतः न खेळणारा असावा. घड्याळे नसली तरी प्रारंभी अडणार नाही. पट कमी पडल्यास फरशीवर खडूने चौसष्ट घरे आखावीत. त्यांत रंग भरण्यास वेळ नसेल तर राहू द्यावे. आपल्या जुन्या पटांनाही ते नव्हतेच.